राखणीबाहेरचा माल: सौदी अरेबियात शिकारीच्या साहित्याची चोरी आणि तिच्याविषयीचे गैरसमज

सौदी अरेबियाच्या रानात किंवा वाळवंटातील तळावर शिकाऱ्याने उघड्यावर सोडलेले साहित्य दुसऱ्याने उचलले, तर तेथील कायदा काय करतो, या प्रश्नाची दोन उत्तरे सामान्यतः ऐकू येतात. उचलणाऱ्याचा हात तोडतात, हे पहिले. आणि निर्जन ठिकाणी टाकून दिलेल्या वस्तूला मालकच नसतो, त्यामुळे ती उचलण्यात गुन्हा नाही, हे दुसरे. ही दोन्ही उत्तरे चुकीची आहेत. विशेष म्हणजे, ज्या तत्त्वामुळे पहिले उत्तर चुकते त्याच तत्त्वाचा अर्धवट अर्थ लावल्यामुळे दुसरे उत्तर जन्माला येते, आणि म्हणून दोहोंचा विचार एकत्र करणे आवश्यक ठरते.

त्याआधी एक लहान गैरसमज दूर केलेला बरा. सौदी अरेबियात रान नाही, त्यामुळे शिकारही नाही, अशी समजूत आहे. देशाच्या नैर्ऋत्येस सरवात पर्वतरांगेत, असीर आणि अल-बाहा या प्रदेशांत, जुनिपर वृक्षांची वने आहेत आणि अब्हा शहराजवळील अस-सूदा हा वनाच्छादित डोंगर समुद्रसपाटीपासून सुमारे ३,००० मीटर उंच आहे. उरलेल्या देशात रान म्हणजे बाभळीच्या जातीची विरळ झाडे असलेल्या वाद्या, म्हणजे एरवी कोरडी असणारी नद्यांची पात्रे, आणि खुरट्या झुडपांची माळराने. ससाण्याच्या साहाय्याने केली जाणारी शिकार ही तेथील जुनी परंपरा आहे. २०१० मध्ये युनेस्कोने अनेक देशांचा सामायिक अमूर्त वारसा म्हणून तिची नोंद केली, त्या देशांत सौदी अरेबियाचा समावेश होता. या शिकारीचे साहित्यही स्वतंत्र आहे: पक्ष्याच्या डोळ्यांवर घालायची चामड्याची टोपी, जिला अरबीत बुरका म्हणतात, जमिनीत रोवून त्यावर पक्ष्याला बसवायचा वकर, पायांना बांधायच्या दोऱ्या, म्हणजे सबूक, हातमोजा, पक्ष्याला परत बोलावण्यासाठी फिरवायचे पिसांचे आमिष, आणि अलीकडच्या काळात पक्ष्याच्या अंगावर बसवलेले ठावठिकाणा कळवणारे यंत्र. हिवाळ्यात शहरांतील कुटुंबे आणि मित्रमंडळी तंबू, जनित्र आणि गालिचे घेऊन वाळवंटात मुक्कामाला जातात, तेव्हा यातील बरेचसे सामान दिवसभर तळावर पडून असते आणि माणसे पक्ष्यामागे दूर गेलेली असतात.

आता हात तोडण्याविषयी. सौदी न्यायव्यवस्थेचा आधार इस्लामी शरियत असून तिच्या चार सुन्नी परंपरांपैकी हनबली परंपरेचे ग्रंथ न्यायाधीशांनी प्रमाण मानावेत, असे १९२८ मध्ये ठरवण्यात आले. त्यात मन्सूर अल-बहूती या सतराव्या शतकातील इजिप्शियन विधिज्ञाच्या ग्रंथांना विशेष स्थान मिळाले. या परंपरेत चोरीची ‘हद’, म्हणजे धर्मग्रंथाने ठरवून दिलेली आणि न्यायाधीशाला बदलता न येणारी शिक्षा, हात तोडण्याची आहे, हे खरे. परंतु ती लागू होण्यासाठी पुऱ्या व्हाव्या लागणाऱ्या अटी इतक्या आहेत की त्यांपैकी एक जरी सुटली तरी ती शिक्षा देता येत नाही. माल गुपचूप नेलेला असावा लागतो, त्यामुळे डोळ्यांदेखत हिसकावून पळणारा किंवा विश्वासाने सोपवलेली वस्तू दाबून बसणारा या व्याख्येत बसत नाही. मालाची किंमत ‘निसाब’ या किमान मर्यादेपर्यंत पोहोचावी लागते, आणि हनबली मतानुसार ती पाव दिनार सोने किंवा तीन दिरहम चांदी, म्हणजे सोन्याच्या हिशेबाने जेमतेम एक ग्रॅमभर आहे. आरोपीची कबुली किंवा दोन साक्षीदार लागतात, आणि मालावर त्याचा काही हक्क असल्याची शंकाही शिल्लक राहून चालत नाही. या सर्वांवर, अशी शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय अंतिम होत नाही आणि राजाज्ञेशिवाय तिची अंमलबजावणी होत नाही.

शिकारीच्या साहित्याच्या बाबतीत निर्णायक ठरते ती मात्र आणखी एक अट, जिला ‘हिर्झ’ म्हणतात. हिर्झ म्हणजे राखण: ज्या प्रकारचा माल ज्या रीतीने सुरक्षित ठेवण्याची लोकरीत आहे त्या रीतीने तो ठेवलेला असणे. चोर ‘हद’च्या शिक्षेस पात्र ठरण्यासाठी त्याने माल राखणीतून बाहेर काढलेला असावा लागतो. ही राखण सर्व वस्तूंसाठी एकसारखी नसते, आणि विधिज्ञांनी तिचा विचार किती बारकाईने केला आहे हे पाहण्यासारखे आहे. सोळाव्या शतकातील दमास्कसचे हनबली विधिज्ञ मूसा अल-हज्जावी यांच्या ‘जाद अल-मुस्तकनी’ या ग्रंथानुसार भाजीपाल्याची राखण म्हणजे बाजारात पहारेकरी असताना घातलेले बोरूचे कूड, सरपणाची राखण म्हणजे कुंपण आणि गुराढोरांची राखण म्हणजे गोठा; पण हीच गुरे चरायला सोडलेली असतील तर त्यांची राखण म्हणजे गुराखी, आणि तोही नुसता नावाला नव्हे, तर बहुतांश वेळ त्यांच्यावर नजर ठेवणारा. म्हणजे भिंत आणि कुलूप यांची जागा माणसाची नजर घेऊ शकते. ही कसोटी तळावर पडलेल्या वकराला किंवा झाडाला टांगलेल्या पिशवीला लावली, तर जवळ कोणी नसताना तो माल राखणीबाहेरचा ठरतो आणि ‘हद’चा प्रश्न तेथेच संपतो. तंबूत राखणदार असेल तर मात्र परिस्थिती बदलते. रियाधजवळील मल्हम येथे भरणाऱ्या लिलावांत उत्तम जातीचा एकेक ससाणा लाखो रियालांना विकला जातो, तेव्हा किमतीची मर्यादा ओलांडणे अगदी सोपे असते; तरीही किंमत कितीही मोठी असली तरी ती राखणीची उणीव भरून काढत नाही.

येथे दुसरा गैरसमज सुरू होतो. हद लागत नाही याचा अर्थ गुन्हा घडला नाही, असा घेतला जातो, आणि नेमके हेच हनबली विधिज्ञांनी नाकारलेले आहे. अल-हज्जावी यांनी त्याच ग्रंथात स्पष्ट केले आहे की राखणीबाहेरून फळे किंवा अन्य काहीही चोरणाऱ्याचा हात तोडायचा नाही, परंतु त्याच्याकडून वस्तूची दुप्पट किंमत घ्यायची. या मताचे मूळ हदीस वाङ्मयात, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या आणि आचाराच्या नोंदींत आहे, जेथे झाडावरचे फळ आणि डोंगरात चरणारे जनावर यांच्या चोरीबद्दल दुप्पट भरपाई आणि ताडन सांगितले आहे, आणि खळ्यातून किंवा गोठ्यातून चोरी झाली तरच हद. मालकाच्या निष्काळजीपणाचा फायदा चोराला शिक्षेचा प्रकार बदलण्यापुरताच मिळतो, मालकी मात्र जराही ढळत नाही. ज्याचा माल दूर आहे आणि जो स्वतः तेथे नाही, अशा माणसाचा हक्क या विचारात किती जपलेला आहे, याकडे बाहेरच्या वाचकाचे सहसा लक्षच जात नाही, आणि ही उपेक्षा खेदाची आहे, कारण हात तोडण्याच्या एका चित्राने ही सगळी विचारपरंपरा झाकली जाते.

प्रत्यक्षात अशा खटल्यांत ‘ताझीर’, म्हणजे न्यायाधीशाच्या विवेकावर सोपवलेली शिक्षा, दिली जाते. खटल्याला दोन बाजू असतात: सार्वजनिक हक्क, जो सरकारी अभियोग विभाग मांडतो, आणि खासगी हक्क, ज्यातून मालक आपली वस्तू किंवा तिची किंमत मागतो. मालकाने क्षमा केली तरी सार्वजनिक हक्क आपोआप मिटत नाही. चोरीला फटक्यांची शिक्षा ठरलेलीच, असेही मानले जाते. परंतु २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने ताझीर म्हणून फटके मारण्याची प्रथा बंद करून तिच्या जागी तुरुंगवास किंवा दंड आणण्यात आला. रत्नागिरी-रायगडसारख्या जिल्ह्यांतून नोकरीसाठी तेथे गेलेल्यांनी हेही लक्षात ठेवले पाहिजे की परदेशी नागरिकाच्या बाबतीत शिक्षेनंतर मायदेशी रवानगी होऊ शकते, आणि तळावरून उचललेल्या एका क्षुल्लक वाटणाऱ्या यंत्रापायी कित्येक वर्षांची नोकरी जाऊ शकते. निर्जन जागा गुन्हा सौम्य करते, या समजुतीला तर एक ठळक अपवाद आहे. शस्त्र दाखवून किंवा बळाने वाळवंटात कोणाला लुटले, तर तो ‘हिराबा’, म्हणजे वाटमारी ठरतो, आणि त्याच्या शिक्षा साध्या चोरीपेक्षा कितीतरी कठोर आहेत. ज्या निर्जनतेमुळे मालाची राखण नाहीशी होते, तीच माणसावर हात टाकला की अपराध अधिक गंभीर करते.

चोरीचा हेतू नसतानाही वस्तू उचलली जाते, आणि सापडलेली वस्तू सापडणाऱ्याची, ही समजूत आपल्याकडेही आहे. शरियतीत सापडलेल्या वस्तूला ‘लुकता’ म्हणतात आणि हनबली परंपरा तिचे तीन वर्ग करते. ज्या वस्तूसाठी सामान्य माणूस मागे फिरून शोध घेत नाही, जसे चाबूक किंवा भाकरी, ती सापडणाऱ्याला ठेवता येते. लहान श्वापदांपासून स्वतःचा बचाव करू शकणारा आणि पाण्यापर्यंत जाऊ शकणारा उंटासारखा प्राणी उचलणेच निषिद्ध आहे, कारण मालक येईपर्यंत तो तग धरतो. या वर्गात बहूती यांच्यासारखे भाष्यकार उडून बचाव करणाऱ्या पक्ष्यांचाही समावेश करतात. उरलेल्या सर्व वस्तूंसाठी सापडणाऱ्याने त्या ज्या पिशवीत किंवा ज्या गाठीने बांधलेल्या असतील तिच्या खुणा लक्षात ठेवून, लोक जमतात अशा ठिकाणी वर्षभर पुकारा करायचा असतो; त्यानंतर वस्तू वापरता येते, पण मालक पुढे आला आणि त्याने खूण पटवली तर परत करावी लागते. या वर्गवारीप्रमाणे चामड्याचा तुटका सबूक पहिल्या वर्गात पडेल, परंतु ठावठिकाणा दाखवणारे यंत्र किंवा बुरका तिसऱ्याच वर्गात येईल. पायात दोरी आणि कडे असलेला भरकटलेला ससाणा हे थोडे अवघड उदाहरण आहे, कारण तो उडू शकतो, तरी तो रानात मिसळला तर मालक त्याला कायमचा मुकतो. बाराव्या-तेराव्या शतकातील विधिज्ञ इब्न कुदामा यांनी अशा परिस्थितीत मालकासाठी जपून ठेवण्याच्या हेतूने पकडण्यास अनुकूल मत दिले आहे. मक्केच्या पवित्र क्षेत्रात सापडलेल्या वस्तूंबाबतचा हदीस अधिक कडक असून, अनेक विधिज्ञांच्या मते पुकारा करण्याची तयारी असणाऱ्यानेच तेथे वस्तू उचलावी, हे हज-उमराहला जाणाऱ्या मराठी यात्रेकरूंनी विशेष ध्यानात घ्यावे.

भारतीय कायद्याशी तुलना येथे उपयोगी पडते. १८६० च्या भारतीय दंड संहितेत दिलेल्या एका उदाहरणानुसार, कोणाच्याही ताब्यात नसलेली रस्त्यावरची अंगठी उचलणे ही चोरी नव्हे, मात्र तो मालमत्तेचा अप्रामाणिक अपहार ठरू शकतो. २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेतही हा भेद टिकून आहे. भारतीय कायद्यात कळीचा मुद्दा ताब्याचा, तर शरियतीत राखणीचा आहे.

शिकारीच्या बाबतीत आणखी एक प्रश्न उभा राहतो, जो इतर चोऱ्यांत येत नाही: चोरलेल्या साधनाने शिकार मिळाली तर ती कोणाची? मेहनत चोराची म्हणून शिकारही त्याचीच, असे वरवर वाटते. अल-हज्जावी यांचा निर्णय उलट आहे. कोणी शिकारी पक्षी, कुत्रा किंवा घोडा बळकावला आणि त्याच्यामुळे शिकार हाती लागली, तर ती मूळ मालकाची, कारण ती त्याच्या मालमत्तेमुळे मिळाली. बहूती यांनी त्यात जाळे, फास आणि सापळा यांचीही भर घातली असून, शिकारच मालकाला मिळत असल्यामुळे साधनाच्या वापराचे भाडे त्याला वेगळे द्यावे लागत नाही, असेही सांगितले आहे. जाळ्याला वाघूर म्हणणाऱ्या आपल्या पारध्यांच्या भाषेत सांगायचे तर वाघूर ज्याची, ससा त्याचा.

अखेरचा गैरसमज आधुनिक राज्यासंबंधी आहे: वाळवंट मोकळे, म्हणून शिकारही मोकळी. १९८६ मध्ये वन्यजीव संरक्षणासाठी स्वतंत्र आयोग स्थापन झाला, १९९० मध्ये महाझात अस-सैद या कुंपणबंद राखीव क्षेत्रात अरबी ओरिक्स हे जवळजवळ नष्ट झालेले काळवीटवर्गीय जनावर पुन्हा सोडण्यात आले, आणि २०१८ मध्ये राजाज्ञेने विस्तीर्ण शाही राखीव क्षेत्रे घोषित झाली, ज्यांतील किंग सलमान क्षेत्राचा विस्तार सुमारे १,३०,७०० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या दोन-पंचमांशाहून अधिक आहे. २०२० च्या पर्यावरण कायद्यानुसार परवान्याविना शिकार केल्यास दंड होतो, आणि राष्ट्रीय वन्यजीव केंद्र शिकारीचा हंगाम, प्रजाती आणि पद्धती ठरवून ‘फित्री’ या संगणकीय मंचावरून परवाने देते. नेमलेल्या क्षेत्रांची गस्त गृहखात्याचे पर्यावरण सुरक्षा विशेष दल घालते. त्यामुळे राखीव क्षेत्रात लावून ठेवलेले जाळे नाहीसे झाले, तर ते चोराने नेले असण्याइतकीच जप्त झालेले असण्याची शक्यता आहे. भारतातही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्ह्यात वापरलेले सापळे आणि हत्यारे जप्त होऊन सरकारची मालमत्ता बनतात. अशा जाळ्याच्या चोरीची तक्रार घेऊन पोलीस ठाण्यात जाणाऱ्याला ते जाळे आपलेच आहे हे आधी सिद्ध करावे लागते, आणि तसे करताना त्याने स्वतःच्या बेकायदा शिकारीचा पुरावाही दिलेला असतो. परवानाधारक शिकाऱ्याची स्थिती याहून भिन्न आहे: त्याच्या परवान्यामुळे साधनाचा वापर वैध ठरतो, आणि राखण नसतानाही ते साधन परत मिळवण्याचा किंवा त्याची किंमत मागण्याचा त्याचा हक्क न्यायालयापुढे उभा राहू शकतो.