फ्रीडायव्हिंग: मोरा बंदर सोडा, मालवण गाठा

भाऊच्या धक्क्याहून लाँचने मोरा बंदरात उतरलात की पाण्याचा रंग बघा. खाडीचा गाळ आणि भरती-ओहोटीचा जोर यामुळे ते कायम गढूळ, शिवाय बोटींची वर्दळ. तिथे बुडी मारू नका. याउलट भूमध्य समुद्रात भरती-ओहोटी नाममात्र असते. फ्रान्सच्या विलफ्रांशजवळ किनाऱ्यालगतच पाणी खोल आणि नितळ मिळतं, म्हणून फ्रीडायव्हर, म्हणजे श्वास रोखून बुडी मारणारे, तिकडे धावतात.

आपल्याकडे त्यासाठी मालवण! सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती प्रवाळ आहेत. हा परिसर १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, म्हणून प्रवाळावर पाय ठेवायचा नाही, काही उचलायचं नाही. पाणी उथळ असल्याने श्वास रोखायला शिकणाऱ्याला ही जागा मला सर्वांत योग्य वाटते. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जा. पावसाळ्यात समुद्र बंदच. तारकर्लीला एमटीडीसीचं स्कूबा प्रशिक्षण केंद्रही आहे. विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवरचं आंग्रे बँक हे समुद्राखालचं पठार मात्र नवख्यांसाठी नाही.

आता बुडीचं तंत्र: दहा मीटर खोलीवर दाब दुप्पट होतो आणि फुप्फुसातली हवा निम्म्या जागेत मावते. कान दुखायच्या आधीच नाक दाबून ते मोकळे करा. बुडीपूर्वी भराभर श्वास अजिबात घेऊ नका. त्याने ऑक्सिजन फारसा वाढत नाही, फक्त कार्बन डायऑक्साइड घटतो. मग श्वासाची ओढच जाणवत नाही आणि वर येता येता शुद्ध हरपते. म्हणून एकट्याने कधीच नाही: एक जण खाली, दुसरा वरून नजर ठेवून.