फाईलमध्ये राहिलेला कागद

गेल्या हिवाळ्यात एका शनिवारी पार्सिपनीतल्याच एका स्नेह्यांकडे आमची नेहमीची मंडळी जमली होती. बाहेर बर्फ, आत गरम पिठलं-भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. जेवणं आटोपल्यावर यजमानांनी 'द हरिकेन' हा १९९९ सालचा सिनेमा लावला. खुनाच्या खोट्या आरोपाखाली जन्मठेप भोगणाऱ्या रुबिन कार्टर या बॉक्सरची ही कहाणी. कार्टरचं काम डेन्झेल वॉशिंग्टनने केलं आहे. शेवटी कोर्टातला प्रसंग येतो, न्यायाधीश निकाल देतात, कार्टर सुटतो. आमच्यापैकी एक-दोघींचे डोळे पुसून झाले आणि मग चहाबरोबर खरी चर्चा सुरू झाली.

"सिनेमा म्हणून ठीक आहे हो," एक गृहस्थ म्हणाले, "पण माणूस निर्दोष होता तर वकिलांना हे सांगायला वीस वर्षं कशी लागली? आपल्याकडे कोर्टात तारखा पडतात म्हणून आपण नावं ठेवतो. इथे काय झालं?"

यजमानांची मुलगी नेवार्कला लॉ शिकते. ती हसून म्हणाली, "काका, माणूस निर्दोष आहे का, हा प्रश्न अपिलात सहसा कोणी विचारतच नाही."

तिचं ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. मी पेशाने इंजिनीअर, कायद्याचं माझं ज्ञान घर घेताना सह्या केल्या तेवढंच. पण पुढचे काही महिने जमेल तसं वाचत गेलो. जे कळलं ते आपल्या वाचकांपुढे मांडतो, कारण त्याचा संबंध आपल्या टपालपेटीत येणाऱ्या एका पाकिटाशी आहे. त्याबद्दल शेवटी.

हा खटला दूर कुठे दक्षिणेत वगैरे घडलेला नाही. इंटरस्टेट ८० धरून पूर्वेला गेलं की अर्ध्या तासाच्या आत पॅटरसन लागतं. भारतातून आई-वडील आले की आपण त्यांना तिथला पसेइक नदीचा मोठा धबधबा दाखवायला नेतो. एकेकाळी रेशमाच्या गिरण्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या या गावात १७ जून १९६६ च्या पहाटे 'लाफायेट बार अँड ग्रिल'मध्ये दोन माणसांनी गोळीबार केला. दोघे जागीच मेले, एक बाई महिनाभराने वारली, चौथ्याचा एक डोळा गेला. मारेकरी कृष्णवर्णीय होते आणि पांढऱ्या गाडीतून पळाले, एवढं साक्षीदारांनी सांगितलं. पोलिसांनी कार्टरची पांढरी गाडी अडवली. गाडीत त्याच्याबरोबर जॉन आर्टिस नावाचा एकोणीस वर्षांचा मुलगा होता. त्या वेळी दोघांना सोडून दिलं गेलं. ऑक्टोबरमध्ये मात्र दोघांनाही अटक झाली, कारण आल्फ्रेड बेलो आणि आर्थर ब्रॅडली या दोन भुरट्या चोरांनी त्यांना ओळखलं होतं. गोळीबार झाला तेव्हा हे दोघे जवळच्याच एका कारखान्यात चोरी करायला आले होते.

मे १९६७ मध्ये सर्व गोऱ्या सदस्यांच्या जूरीने दोघांनाही दोषी ठरवलं. सरकारी वकिलाने फाशी मागितली होती. जूरीने दयेची शिफारस केली म्हणून जन्मठेपेवर भागलं. दयेचा हा धागा वाचकांनी लक्षात ठेवावा.

१९७४ मध्ये बेलो आणि ब्रॅडली दोघांनीही आपली साक्ष खोटी होती असं सांगितलं. पण साक्षीदार फिरला म्हणून शिक्षा आपोआप रद्द होत नाही, कारण तो तेव्हा खोटं बोलला की आता, हा प्रश्न उरतोच. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये शिक्षा रद्द केली ती वेगळ्या कारणाने. बेलोशी पोलिसांनी केलेल्या बोलण्याची एक ध्वनिफीत होती, त्यात त्याला सवलतीची आश्वासनं दिलेली होती आणि ती बचाव पक्षाला दाखवलीच गेली नव्हती.

इथे लॉवाल्या मुलीचं म्हणणं उमगतं. अपील म्हणजे खटला पुन्हा चालवणं नव्हे. वरचं कोर्ट विचारतं की खटला नियमाप्रमाणे चालला का. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये 'ब्रेडी विरुद्ध मेरीलँड' या खटल्यात एक नियम घालून दिला: आरोपीच्या बाजूने जाणारा महत्त्वाचा पुरावा सरकारी पक्षाकडे असेल, तर तो आरोपीला दिलाच पाहिजे. म्हणजे वकिलाला "माझा अशील निर्दोष आहे" हे सिद्ध करण्याआधी "हा कागद आम्हाला का दाखवला नाही?" हे विचारावं लागतं. पहिल्या प्रश्नासाठी वक्तृत्व लागतं. दुसऱ्यासाठी कागदांच्या खोक्यांपुढे वर्षानुवर्षं बसायची चिकाटी लागते.

१९७६ च्या अखेरीस दुसरा खटला झाला. बेलो पुन्हा फिरला आणि मूळच्या साक्षीवर गेला. सरकारी वकिलांनी या वेळी नवीन मुद्दा काढला: त्याच रात्री गावात एका कृष्णवर्णीय बारमालकाचा गोऱ्या माणसाने खून केला होता, त्याचा हा वांशिक सूड. डिसेंबरात दोघेही पुन्हा दोषी ठरले. वरच्या कोर्टात गेले, तर १९८२ मध्ये चार विरुद्ध तीन मतांनी हरले. फरक एका मताचा.

मग मायरन बेल्डॉक, लुईस स्टील आणि लिऑन फ्रीडमन हे वकील 'हेबियस कॉर्पस'चा अर्ज घेऊन नेवार्कच्या फेडरल कोर्टात गेले. या अर्जाचा अर्थ एवढाच की या माणसाला घटनेविरुद्ध डांबून ठेवलं आहे का ते तपासा. बेल्डॉक आणि स्टील कित्येक वर्षं या खटल्यामागे होते. त्यांच्या हाती होता लाय-डिटेक्टरचा एक घोळ. दुसऱ्या खटल्याआधी बेलोची तशी चाचणी झाली होती. परीक्षकाने सरकारी पक्षाला तोंडी सांगितलं की गोळीबाराच्या सुमारास आपण बारच्या आत होतो असं बेलो म्हणतो, ते खरं वाटतं. लेखी अहवालात मात्र लिहिलं की त्याची १९६७ ची साक्ष खरी. आता १९६७ मध्ये तर तो म्हणाला होता की मी बाहेर रस्त्यावर होतो! एकच माणूस एकाच वेळी आत आणि बाहेर. या विसंगतीची गोष्ट बचाव पक्षापासून दडून राहिली आणि तो अहवाल दाखवून बेलोला पुन्हा जुन्या साक्षीवर आणलं गेलं.

न्यायाधीश एच. ली सारोकिन यांनी ७ नोव्हेंबर १९८५ रोजी शिक्षा रद्द केली. कारणं दोन: वंशद्वेषाला केलेलं आवाहन आणि दडवलेला पुरावा. १९८७ मध्ये वरच्या फेडरल कोर्टाने निकाल कायम केला, पण फक्त दडवलेल्या पुराव्याच्या मुद्द्यावर. १९८८ मध्ये आरोपपत्रच मागे घेतलं गेलं. आर्टिस १९८१ मध्येच पॅरोलवर सुटला होता. कार्टरची मात्र एकोणीस वर्षांच्या आसपास गेली. "हा निर्दोष आहे" असं कोणत्याही कोर्टाने म्हटलं नाही. कोर्ट म्हणालं, याला न्याय्य खटला मिळाला नाही. पुढे कार्टर कॅनडात स्थायिक झाला, चुकीने शिक्षा झालेल्यांसाठी झटणाऱ्या संस्थेचा प्रमुख झाला आणि २०१४ मध्ये टोरांटोत वारला.

हे सगळं वाचताना मनात एक सूक्ष्म समाधान होतं, खरं सांगतो. वंशभेदाचा प्रश्न त्यांचा, आपला काय संबंध? ते समाधान फार टिकलं नाही, कारण पुढे वाचायला मिळाला तो 'अंकुश मारुती शिंदे विरुद्ध महाराष्ट्र राज्य' हा निकाल.

जून २००३. नाशिकजवळ एका झोपडीवर दरोडा पडला, पाच जणांचे खून झाले, बलात्कार झाले. महाराष्ट्र हादरला. भटक्या जमातीतल्या सहा गरीब मजुरांना अटक झाली. नाशिकच्या सेशन्स कोर्टाने २००६ मध्ये सहाही जणांना फाशी सुनावली. मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये तिघांची फाशी कायम केली, तिघांची जन्मठेपेवर आणली. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये पुन्हा सहाही जणांना फाशी दिली. आपल्याकडे उच्च न्यायालय साक्षीपुरावा नव्याने तपासतं. त्यामुळे एका कोर्टाची चूक दुसऱ्याच्या ध्यानात यायला वाव जास्त. इथे तीन कोर्टं झाली आणि कोणाच्याही ध्यानात आली नाही.

मग २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःचाच निकाल मागे घेतला, प्रकरण नव्याने ऐकलं आणि ५ मार्च २०१९ रोजी सहाही जणांना निर्दोष सोडलं. कशाच्या जोरावर? घटनेनंतर दोनच दिवसांनी, हल्ल्यातून वाचलेल्या बाईला पोलिसांच्या अल्बममधले फोटो दाखवले होते आणि तिने चार माणसं ओळखली होती. ती चार माणसं या सहांपैकी नव्हती. त्या चौघांचा तपासच झाला नाही. फोटो ओळखल्याची ती नोंद होती, पण सोळा वर्षं कोणी तिच्याकडे पाहिलं नाही.

न्यायमूर्तींनी स्पष्ट लिहिलं की आरोपी भटक्या जमातीतले, अत्यंत गरीब आहेत आणि अशांना गोवलं जाण्याची शक्यता नाकारता येत नाही. राज्य सरकारने प्रत्येकाला पाच लाख रुपये द्यावेत आणि दोषी अधिकाऱ्यांवर कारवाई व्हावी, असा आदेश दिला. ज्या जमातींना इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरवलं, त्यांच्याकडे बोट दाखवणं आपल्या समाजाला किती सोपं जातं! आमच्या गावी वाड्याबाहेर पाल ठोकलेली माणसं दिसली की आजी म्हणायची, "भांडी आत घ्या." मीही घ्यायचो.

पॅटरसन आणि नाशिक. मधे एवढा समुद्र, पण दोन्ही ठिकाणी तेच: लोक संतापलेले, उत्तर लवकर हवं, हाताशी सापडले ते ज्यांच्यावर विश्वास ठेवायला कोणी तयार नव्हतं असे, आणि सुटकेचा कागद सरकारी फाईलमध्ये. आता दयेचा धागा आठवा. १९६७ मध्ये जूरीने दया दाखवली नसती, किंवा २००९ नंतर नाशिकच्या सहा जणांच्या शिक्षेची अंमलबजावणी झाली असती, तर तो कागद सापडून काय उपयोग होता?

गोष्टी काही प्रमाणात सुधारल्या आहेत. प्रिन्स्टनला जिम मक्लोस्की यांनी १९८३ मध्ये 'सेंच्युरियन मिनिस्ट्रीज' सुरू केली. ही संस्था एकेका कैद्यासाठी वर्षानुवर्षं कागद आणि साक्षीदार धुंडाळते. न्यू जर्सीने २००७ मध्ये फाशी रद्द केली. २०१३ पासून इथे चुकीच्या शिक्षेच्या दर वर्षामागे किमान ५०,००० डॉलर्स भरपाईची तरतूद आहे. २०१९ मध्ये ॲटर्नी जनरल गुरबीर ग्रेवाल यांनी, म्हणजे आपल्यासारख्याच स्थलांतरितांच्या मुलाने, जुन्या शिक्षा तपासणारा विभाग सुरू केला. भारतात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये फाशीच्या कैद्यांच्या फेरविचार अर्जांची सुनावणी खुल्या कोर्टात व्हावी असा नियम केला. २०२१ मध्ये, पोलिसांनी गोळा केलेल्या पण वापरल्या नाहीत अशा कागदांची यादी आरोपीला द्यावी असं सांगितलं. भरपाईचा कायदा करा, अशी शिफारस विधी आयोगाने २०१८ मध्येच केली आहे.

आता त्या पाकिटाबद्दल. नागरिकत्व मिळाल्यावर काही वर्षांनी मला मॉरिसटाऊनच्या कोर्टाची जूरीची नोटीस आली. ऑफिसातल्या अनुभवी मित्रांनी सुटण्याच्या चार युक्त्या सांगितल्या. त्या जमल्या नाहीत आणि माझी निवड झाली. चोरीचा साधा खटला होता. दुसऱ्या दिवशी दोन्ही पक्षांत तडजोड झाली, आम्हाला आभार मानून घरी पाठवलं. मी खूश होऊन आलो. पण कार्टरबद्दल वाचताना मला एक गोष्ट लख्ख आठवली. पहिल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीपर्यंत, एकाच साक्षीदाराचं ऐकून, मी मनाशी निकाल देऊन टाकला होता. का? तो मुलगा खुर्चीत ज्या तऱ्हेने बसला होता, त्यावरून. बाकी काही नाही.

वीस वर्षांनी कोणा वकिलाला खोके उपसून जी चूक शोधावी लागते, ती पुष्कळदा अशी जेवणाच्या सुट्टीत झालेली असते. आणि तिथे तिला अडवायला एकच माणूस पुरतो, कारण इथे जूरीचा निर्णय एकमताने लागतो. तेव्हा पुढच्या वेळी ते पाकीट आलं तर कृपा करून युक्त्या शोधू नका. आपण कागद नीट वाचणारी, हिशेब ताडून बघणारी माणसं. त्या बारा खुर्च्यांपैकी एकीत असं कोणी बसलेलं असावं. मला पुन्हा बोलावणं आलं तर मी जाणार आहे, आणि या खेपेला जेवणाच्या सुट्टीत फक्त डबा उघडणार आहे.