मे महिना, जुनी कार आणि ‘एसी पंप’

मे महिन्यातली दुपार. धुळ्याहून जळगावला लग्नाला निघालात. काकांची जुनी कार्बोरेटरवाली मारुती ८००, आत पाच जण, डिक्कीत आहेराच्या पिशव्या. पारोळा मागे पडलं, आणि एरंडोलच्या अलीकडे गाडी दोन हिसके देऊन बंद पडली. टाकीत पेट्रोल आहे, स्टार्टर गरागरा फिरतोय, पण इंजिन काही पकडत नाही. अर्धा तास लिंबाच्या सावलीत उभी केली, तर जणू काही झालंच नव्हतं अशी सुरू!

ओळखीचं वाटतंय ना? मग ‘फ्युएल पंप गेला’ असं कुणी म्हणायच्या आत तो पंप असतो तरी काय, ते बघून घ्या.

तुमच्या जुन्या कार्बोरेटरवाल्या बाइकला पंपच नाही. टाकी वर, कार्बोरेटर खाली; पेट्रोल आपोआप उतरतं. कारची टाकी मात्र मागे आणि खाली असते, म्हणून पेट्रोल ओढून आणावं लागतं. जुन्या गाड्यांत हे काम इंजिनच्या अंगावर बसवलेला मुठीएवढा पंप करतो. जुने मेकॅनिक त्याला ‘एसी पंप’ म्हणतात. थंड हवेशी याचा काही संबंध नाही. एसी नावाच्या कंपनीचे पंप पूर्वी खूप चालायचे, ते नाव चिकटलं.

या पंपाला वायर नाही, मोटर नाही. इंजिनच्या कॅमशाफ्टने एक दांडी हलते, ती रबरी पडदा (डायफ्राम) खाली ओढते आणि टाकीकडून पेट्रोल आत येतं. मग स्प्रिंग पडदा वर ढकलते आणि पेट्रोल कार्बोरेटरकडे जातं. उलटं जाऊ नये म्हणून दोन छोटे व्हॉल्व्ह. दाब किती? साधारण ३ ते ५ पीएसआय. टायरमधल्या हवेच्या पाव हिस्साही नाही. तेवढ्यावर कुर्ल्यात बनलेल्या प्रीमियर पद्मिनीने मुंबईची टॅक्सी म्हणून २०२३ पर्यंत दिवस काढले.

लक्षण एक, आजार दोन

आता आपल्या एरंडोलच्या गाडीकडे या. अशी गाडी बंद पडण्यामागे दोन वेगळी कारणं असू शकतात, आणि गोंधळ तिथेच होतो.

पहिलं कारण म्हणजे व्हेपर लॉक. जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या वर जातो, त्यात पंप तापलेल्या इंजिनलाच चिकटलेला. पाइपातल्या पेट्रोलची वाफ होते. पंपाला द्रव ओढता येतो, वाफ नाही. गाडी बंद. पद्मिनीवाले यावर पंपाला ओला फडका गुंडाळायचे. फडका सुकेपर्यंत पंप गार राहतो आणि गाडी चालते. यात पंप खराब नसतो, बदलला तर पैसे वाया. उकळत्या इंजिनवर बाटलीभर पाणी ओतू मात्र नका. फडका पिळून, फक्त पंपावर.

दुसरं कारण म्हणजे फाटलेला पडदा. हे धोक्याचं. पेट्रोल पंपाच्या खालच्या बारीक भोकातून ठिबकतं, किंवा आतून इंजिन ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिक काढून वास घ्या. पेट्रोलचा वास आला, ऑइलची पातळी वाढलेली दिसली, तर गाडी सुरू होत असली तरी चालवू नका. पातळ झालेलं ऑइल इंजिन खाऊन टाकतं, आणि गरम इंजिनवर ठिबकणारं पेट्रोल पेट घेऊ शकतं. अशा वेळी टोइंगचे पैसे स्वस्तच पडतात.

खात्री कशी करायची? इंजिन गार झाल्यावर कॉइलची वायर काढा, पंपाकडून कार्बोरेटरकडे जाणारा पाइप एका बाटलीत सोडा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. पेट्रोल ठोक्याठोक्याने उडालं तर पंप बरा. नाही उडालं तरी लगेच पंपाला दोष देऊ नका. आधी फिल्टर आणि टाकीकडचा होज तपासा. होजला चीर असेल तर पंप पेट्रोलऐवजी हवा ओढत बसतो.

दोन नट, एक पॅकिंग

बदलायचं काम मोठं नाही, पण पहिल्यांदा मेकॅनिकच्या शेजारी उभं राहून करा. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. पाइपांवर ‘आत’ आणि ‘बाहेर’ अशी खूण करा. टाकीकडचा होज बोल्ट घालून बंद करा. दोन नट सोडले की पंप हातात येतो. जुनं पॅकिंग खरवडून साफ करा, पण त्याखालचा जाड ठोकळा फेकू नका. इंजिनची उष्णता तोच अडवतो, आणि पंपाची दांडी किती हलणार हेही त्याच्या जाडीवर ठरतं. नवा पंप बसताना दांडी अडत असेल तर जोर लावू नका. इंजिन हाताने थोडं फिरवा, कॅम उतरला की पंप अलगद बसतो. दोन्ही नट आळीपाळीने आवळा. गाडी सुरू करून पाच मिनिटं गळती बघा. उजेडासाठी मोबाइलचा टॉर्च, काडेपेटी चुकूनही नाही. आणि पाइप तोंडाने ओढायचा नाही.

स्क्रूने जोडलेला पंप उघडतो; त्याचं किट आणून पडदा-व्हॉल्व्ह बदलता येतात. कडा दाबून बंद केलेला असेल तर पूर्ण नवा घ्यावा लागतो. किट घेताना एक विचारा: रबर इथेनॉलला टिकणारं आहे का? आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. तीस वर्षांपूर्वीचा पडदा आणि होज त्यासाठी बनलेच नव्हते. ते फुगतात, कडक होतात, चिरतात.

मारुती ८०० चं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं. पंपवाली कार्बोरेटर मॉडेल्स त्याच्याही बरीच आधी. नव्या गाड्यांचा पंप टाकीत बुडालेला, विजेवर चालणारा. तो डोळ्यांना दिसतही नाही. कॉलेजात आयसी इंजिनचा चॅप्टर पाठ करणाऱ्यांनी हा पंप एकदा तरी हातात धरावा. गावातल्या एखाद्या जुन्या गॅरेजमध्ये सुट्टीची एक सकाळ घालवा. शिकवणारे मेकॅनिक काका अजून आहेत, पण त्यांच्याकडे ही गाडी घेऊन येणारे कमी झालेत.

आणि काकांची गाडी घेऊन पुन्हा लग्नाला निघाल, तेव्हा डिक्कीत आहेराशेजारी पाण्याची बाटली आणि एक सुती फडका ठेवा. निघायच्या आधी डिपस्टिकचा वास घ्यायला विसरू नका.