बाटलीतली बुद्धी

ओसामु शिमोमुरा या जपानी शास्त्रज्ञाने अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरच्या फ्रायडे हार्बरला हजारो जेलीफिश गोळा केले, त्यांच्या कडेच्या चमकत्या पट्ट्या कापून काढल्या आणि १९६२ मध्ये त्यांतून एक प्रथिन वेगळं केल्याचं जाहीर केलं. त्याचं नाव एक्वोरिन. कॅल्शियमशी गाठ पडली की ते निळं चमकतं. त्याच कामात हाती लागलेल्या दुसऱ्या, हिरव्या प्रथिनासाठी शिमोमुरांना २००८ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. निळ्या प्रथिनाच्या नशिबी मात्र औषधाच्या दुकानातलं फडताळ आलं. विस्कॉन्सिनमधल्या क्विन्सी बायोसायन्स या कंपनीने प्रयोगशाळेत तयार केलेलं हे प्रथिन कॅप्सूलमध्ये भरलं, ‘प्रेव्हाजेन’ असं नाव दिलं आणि उतारवयातल्या विसराळूपणावरचा उपाय म्हणून टीव्हीवरून जोरात खपवलं.

दाव्याला आधार होता तो कंपनीनेच केलेल्या एका चाचणीचा. २१८ जणांना ९० दिवस रोज १० मिलिग्रॅमची कॅप्सूल किंवा तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी दिली गेली. सगळ्यांचे निकाल एकत्र पाहिले तर दोन गटांत फरक निघाला नाही. मग आकडे निरनिराळ्या उपगटांत विभागून तीसहून जास्त वेळा तपासले गेले. इतकी गाळणी लावल्यावर कुठेतरी काहीतरी गवसणारच. तसं ते गवसलं आणि जाहिरातीत झळकलं. जानेवारी २०१७ मध्ये अमेरिकेचं फेडरल ट्रेड कमिशन आणि न्यूयॉर्कच्या महाधिवक्त्यांनी कंपनीला कोर्टात खेचलं. त्यांचा एक मुद्दा तर शाळकरी पोरालाही पटेल असा होता: तोंडावाटे घेतलेलं प्रथिन पोटात पचून जातं, मग ते मेंदूपर्यंत पोहोचणार कसं? खटला रेंगाळत राहिला. स्मरणशक्ती वाढवण्याचे दावे थांबवा, असा कोर्टाचा आदेश यायला डिसेंबर २०२४ उजाडलं.

मेंदूसाठीच्या गोळ्यांची बाजारपेठ समजून घ्यायला हे एक प्रकरण पुरेसं आहे. अशा गोळ्यांना ‘नूट्रॉपिक’ हे नाव कॉर्नेलियू जुर्जा या रुमानियन शास्त्रज्ञाने १९७२ मध्ये दिलं. बेल्जियमच्या यूसीबी कंपनीत त्याने १९६४ मध्ये पिरासिटाम तयार केलं होतं. त्याने लावलेली कसोटी कडक होती. पदार्थाने शिकण्याची आणि लक्षात ठेवण्याची क्षमता सुधारावी, मेंदूला इजेपासून वाचवावं आणि त्याच वेळी त्याचे दुष्परिणाम जवळपास शून्य असावेत. गंमत म्हणजे आज या नावाखाली जे काही विकलं जातं, त्यातलं बरंचसं या कसोटीच्या पहिल्याच पायरीवर अडखळेल. खुद्द पिरासिटामला अमेरिकेत औषध म्हणून मान्यता नाही. आपल्याकडे ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळतं. परीक्षेच्या दिवसांत हॉस्टेलवर कुजबुजत्या आवाजात ज्याचं नाव घेतलं जातं, ते मोडाफिनिल हेही झोपेच्या विकारांवरचं, चिठ्ठीवर मिळणारं औषध आहे. त्याला पूरक आहार म्हणणं म्हणजे शुद्ध फसवणूक.

मराठी घरात मात्र बुद्धीच्या औषधाचा विषय निघाला की पहिलं नाव ब्राह्मीचंच येतं. आणि इथेच पहिला घोळ होतो, कारण ब्राह्मी म्हणून दोन वेगळ्या वनस्पती विकल्या जातात. एक जलब्राह्मी, म्हणजे शास्त्रज्ञांची बॅकोपा मोनिएरी. ओलसर जागी जमिनीलगत पसरणारी, लहान, जाडसर, मांसल पानांची, पांढरट-जांभळ्या फुलांची. दुसरी मंडूकपर्णी, म्हणजे सेंटेला एशियाटिका. लांब देठावर गोलसर, दातेरी कडेचं एकेक पान. कुंडीत ‘ब्राह्मी’ म्हणून वाढवलेलं रोप महाराष्ट्रात बरेचदा या दुसऱ्या जातीचं असतं. चरकसंहितेत मेध्य रसायनं म्हणून जी चार द्रव्यं एकत्र सांगितली आहेत, त्यांत मंडूकपर्णी आहे. बाकीची तीन म्हणजे ज्येष्ठमध, गुळवेल आणि शंखपुष्पी. आधुनिक चाचण्यांचा मोठा साठा मात्र बॅकोपावर आहे. त्यामुळे एकीच्या अभ्यासाचे आकडे दाखवून दुसरी विकली जाते आहे का, हे बाटलीवरचं शास्त्रीय नाव वाचल्याशिवाय कळत नाही.

बॅकोपावरचं सुरुवातीचं बरंच काम लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत झालं. तिथे तयार झालेला प्रमाणित अर्क पुढे ऑस्ट्रेलियात पोहोचला. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ४६ निरोगी माणसांना रोज ३०० मिलिग्रॅम अर्क किंवा निष्क्रिय गोळी दिली होती. पाच आठवड्यांनी चाचणी घेतली तेव्हा फरक दिसला नाही. बाराव्या आठवड्यात तो दिसला. पुढच्याच वर्षी ४० ते ६५ वयोगटातल्या ७६ जणांवर आणखी एक अभ्यास झाला आणि त्याचा निकाल फारच बोलका होता. ब्राह्मी घेणारे नवीन गोष्टी जास्त वेगाने शिकले नाहीत, पण शिकलेलं विसरण्याचा त्यांचा वेग कमी झाला.

नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात तर हा प्रयोग एमबीबीएसच्या ६० विद्यार्थ्यांवरच झाला. दिवसातून दोनदा १५० मिलिग्रॅम, सहा आठवडे. काही चाचण्यांमध्ये ब्राह्मीचा गट पुढे गेल्याचं २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला निबंध सांगतो. हे सगळे अभ्यास लहान आहेत, हे विसरून चालणार नाही. २०१४ मध्ये नऊ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा सगळे मिळून माणसं भरली ४३७. लक्ष देण्याचा वेग थोडा सुधारतो, एवढं त्यातून म्हणता येतं. मळमळ, पोटात कळ, शौचाला जास्त वेळा जावं लागणं या तक्रारीही नोंदल्या गेल्या आहेत.

आता बोर्डाची परीक्षा जवळ आली की सिरपची बाटली आणणाऱ्या आईवडिलांचा विचार करा. तोंडावर आलेला पेपर गाठायला बारा आठवडे कुठून आणणार? शिवाय वर सांगितलेल्या चाचण्या प्रौढांवरच्या आहेत. चमचाभर सिरपमध्ये प्रमाणित अर्क किती, साखर किती, हे लेबल फिरवून पाहिलं तर बाटली पुन्हा दुकानात ठेवावीशी वाटेल.

शंखपुष्पीची गोष्ट जास्त गंभीर आहे, आणि ती मुंबईच्या परळमधली आहे. फेफऱ्यासाठी फेनिटॉइन घेणाऱ्या दोन रुग्णांना सगळं सुरळीत असताना पुन्हा झटके येऊ लागले. दोघेही जोडीला शंखपुष्पीचं तयार औषध घेत होते. केईएम रुग्णालयातल्या औषधशास्त्रज्ञांनी या धाग्याचा पिच्छा पुरवला, उंदीर जातीच्या प्राण्यांवर प्रयोग केले आणि हे औषध दिल्यावर रक्तातलं फेनिटॉइनचं प्रमाण घसरू शकतं, हे १९९२ मध्ये प्रसिद्ध केलं. वनस्पतीजन्य आहे म्हणून निरुपद्रवी, ही समजूत त्या दोन रुग्णांना महागात पडली. त्यातही ‘शंखपुष्पी’ या नावाखाली विष्णुक्रांतापासून गोकर्णापर्यंत निरनिराळ्या वनस्पती वापरल्या जातात, हा ब्राह्मीसारखाच घोळ आहेच.

परदेशातल्या नातेवाइकांकडून भेट म्हणून येणाऱ्या बाटल्यांत गिंको बिलोबाचा मान मोठा. त्याची परीक्षाही मोठी झाली. अमेरिकेत पंचाहत्तरी गाठलेल्या किंवा ओलांडलेल्या ३,०६९ जणांना दिवसातून दोनदा १२० मिलिग्रॅम गिंको किंवा निष्क्रिय गोळी दिली गेली आणि त्यांच्यावर सरासरी सहा वर्षं लक्ष ठेवलं गेलं. स्मृतिभ्रंशाचं प्रमाण दोन्ही गटांत सारखंच निघालं. २००८ मध्ये हा निकाल आल्यावर विषय संपायला हवा होता. रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्यांनी किंवा शस्त्रक्रियेची तारीख ठरलेल्यांनी तर गिंकोला हातही लावण्याआधी डॉक्टरांना सांगायला हवं.

अश्वगंधा आता मेंदूच्या नावाखालीही धडाक्याने विकली जाते. डेन्मार्कने २०२३ मध्ये तिच्यावर बंदी घातली, आणि ती घेतल्यावर यकृताला इजा झाल्याची प्रकरणं भारतातूनही नोंदली गेली आहेत. यकृताचा त्रास असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी तिच्यापासून लांबच राहिलेलं बरं.

बाटली हातात घेतल्यावर काय पाहायचं? भारतात दोन दारं आहेत. एकच वनस्पती ‘हेल्थ सप्लिमेंट’ म्हणून एफएसएसएआयच्या परवान्यावर विकता येते किंवा आयुर्वेदिक औषध म्हणून आयुषच्या परवान्यावर. पहिल्या दारातून आलेल्या बाटलीवर चौदा आकडी परवाना क्रमांक असतो आणि ‘औषधी वापरासाठी नाही’ अशा अर्थाची ओळही छापावी लागते, बहुधा भिंगाशिवाय वाचता येणार नाही अशा अक्षरात. परवाना म्हणजे उत्पादक नोंदलेला आहे. स्मरणशक्ती वाढते याचा तो दाखला नव्हे. मेंदूचा आजार बरा करण्याची जाहिरात करायला तर १९५४ च्या जादुई उपचारविरोधी कायद्यानेच मनाई आहे. तशी जाहिरात दिसली की त्या दुकानदाराबद्दल आणखी चौकशी करायची गरज उरत नाही.

दहा-बारा घटकांची ‘खास मिश्रणं’ हा दुसरा सापळा. एकूण मिश्रण ५०० मिलिग्रॅम, एवढंच लेबल सांगतं. त्यात ब्राह्मी ३०० आहे की ३, हे गुलदस्त्यात. हार्वर्डशी संबंधित डॉक्टर पीटर कोहेन यांच्या गटाने इंटरनेटवर मिळणारी अशी दहा उत्पादनं तपासली, तेव्हा त्यांत अमेरिकेत मान्यता नसलेली पाच औषधद्रव्यं निघाली. त्यांतल्या फेनिबटची तर सवय लागते. त्याआधी २००८ मध्ये, इंटरनेटवरून घेतलेल्या १९३ आयुर्वेदिक उत्पादनांपैकी सुमारे २१ टक्क्यांमध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं. म्हणून एकच घटक, त्याचं शास्त्रीय नाव, वनस्पतीचा कोणता भाग, अर्काचं प्रमाण आणि त्रयस्थ प्रयोगशाळेचा तपासणी अहवाल, इतकं ज्या बाटलीबरोबर मिळेल तिचाच विचार करावा. आणि एका वेळी एकच गोष्ट सुरू करावी. तीन बाटल्या एकदम चालू केल्या तर गुण कशाचा आणि अंगावर पुरळ कशामुळे, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

क्रिएटिन हे नाव जिमच्या बाहेरही ऐकू येऊ लागलं आहे. ते मांस-मासळीतून मिळतं, त्यामुळे शाकाहारी माणसांच्या शरीरात त्याचा साठा कमी असतो. सिडनीतल्या, २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ४५ शाकाहारी तरुणांना रोज ५ ग्रॅम क्रिएटिन सहा आठवडे दिलं, तर त्यांची कार्यस्मृती (वर्किंग मेमरी) सुधारली. मराठी शाकाहारी वाचकाचे कान टवकारावेत अशी ही बातमी. पण वीस वर्षांनी १२३ जणांवर तोच प्रयोग झाला तेव्हा परिणाम अगदी किरकोळ दिसला, आणि शाकाहारींना वेगळा लाभ काहीच नव्हता. चहातल्या एल-थियानिनचं मात्र बरं चाललं आहे: कॅफिनच्या जोडीने घेतलं तर काही तास लक्ष जास्त टिकतं, असं काही लहान चाचण्यांत दिसलं आहे. ही जोडी कपात आधीपासून आहेच, चाचण्यांपेक्षा कमी प्रमाणात का होईना. त्यासाठी कॅप्सूल कशाला?

इतक्या नावांमधून फिरल्यावर एक गोष्ट लक्षात येते. ज्या माणसात काही कमी आहे, त्याला ते दिलं तर फरक पडतो. ज्याच्यात कमी नाही, त्याच्यासाठी बाटली म्हणजे बहुधा खर्च. आणि आपल्याकडे नेमकं काय कमी आहे, याचं उत्तर पुण्यात सापडलं.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी मधुमेहाच्या मुळाशी जाताना बी-१२ या जीवनसत्त्वाशी येऊन पोहोचले. २००६ मध्ये त्यांनी ४४१ निरोगी, मध्यमवयीन पुरुषांची तपासणी प्रसिद्ध केली. त्यांत खेड्यातले, झोपडपट्टीतले आणि शहरी मध्यमवर्गीय असे तिन्ही गट होते. ६७ टक्के पुरुषांमध्ये बी-१२ कमी होतं. सर्वांत वाईट अवस्था कुणाची? शहरी मध्यमवर्गाची. तिथे प्रमाण ८१ टक्के! खाऊन-पिऊन सुखी घरांची ही गत, कारण बी-१२ भाजीपाल्यात, डाळींत, सुक्यामेव्यात नसतं. ते दूध, अंडी, मासे, मटण यांतूनच येतं, आणि कपभर चहात पडणारं दूध त्याला पुरत नाही.

रोजची गरज जेमतेम दोन मायक्रोग्रॅमच्या आसपास. पण ती वर्षानुवर्षं भागली नाही की पायांना मुंग्या येतात, चालताना तोल जातो, थकवा येतो, नावं आठवत नाहीत. म्हाताऱ्या माणसाचा हा विसराळूपणा ‘वयच झालं’ म्हणून सोडून दिला जातो, आणि हा तर उपचाराने सुधारू शकणारा प्रकार. मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत आणि ॲसिडिटीची गोळी रोज उपाशीपोटी घेण्याची सवय लागलेल्यांत कमतरतेचा धोका आणखी वाढतो. रक्ताची एक साधी तपासणी हे सांगू शकते. नुसत्या फॉलिक ॲसिडच्या गोळ्या खात राहिलं तर रक्ताचं चित्र सुधारलेलं दिसतं आणि मज्जातंतूंची झीज मात्र आत चालूच राहते, म्हणून आधी बी-१२ तपासून घेणं महत्त्वाचं.

ऑक्सफर्डच्या, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सौम्य विस्मरण असलेल्या सत्तरीपुढच्या माणसांना दोन वर्षं ब गटातली जीवनसत्त्वं देऊन त्यांच्या मेंदूचे स्कॅन काढले. ज्यांच्या रक्तात होमोसिस्टीन हे अमिनो आम्ल जास्त होतं, त्यांच्या मेंदूचं आकसणं जवळपास निम्म्याने मंदावलं. ज्यांचं होमोसिस्टीन मुळात ठीक होतं, त्यांना काहीच फायदा नाही. बी-१२ कमी पडलं की होमोसिस्टीन वाढतं, हे लक्षात घेतलं तर पुण्याचे आकडे आणि ऑक्सफर्डचे स्कॅन एकमेकांना जोडता येतात.

पुण्याच्या गटाने हा माग पुढच्या पिढीपर्यंत नेला. १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गर्भवती बायकांच्या आणि त्यांच्या मुलांच्या नोंदी ठेवल्या जात होत्या. त्यातली मुलं नऊ वर्षांची झाल्यावर त्यांची लक्ष आणि स्मृतीची चाचणी घेतली गेली. गरोदरपणात ज्यांचं बी-१२ कमी होतं, त्या आयांची मुलं काही चाचण्यांत मागे पडली. मग याच मुलामुलींना, ती वयात येताना, रोज दोन मायक्रोग्रॅम बी-१२ देणारा ‘प्रिया’ हा प्रयोग २०१२ मध्ये सुरू झाला. त्यातल्या मुलींची लग्नं झाली, त्यांना बाळं झाली, आणि दोनेक वर्षांच्या त्या बाळांची तपासणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. गरोदरपणाच्या आधीपासून नुसतं बी-१२ मिळालेल्या आयांची बाळं आकलनात आणि भाषेत निष्क्रिय गोळी घेणाऱ्या आयांच्या बाळांपेक्षा सरस निघाली. बी-१२ बरोबर इतर अनेक सूक्ष्मपोषकांची भर घातलेली, जास्त भरगच्च गोळी ज्या गटाला मिळाली होती, त्या गटात हा फायदा दिसला नाही.