संमतीचा अंगठा

संगणकात नवा प्रोग्रॅम बसवू लागले की पडदा क्षणभर अंधारतो आणि मधोमध एक चौकट उभी राहते. या प्रोग्रॅमला संगणकात बदल करू द्यावेत काय, असा प्रश्न तीत असतो. उत्तरासाठी ‘होय’ आणि ‘नाही’ एवढे दोनच पर्याय. यवतमाळ जिल्ह्याच्या सोळा तालुक्यांत कुठल्याही सेवा केंद्रात जावे; बाहेर दाखल्यांसाठी रांग उभी असते आणि आतला चालक ती चौकट न वाचताच ‘होय’ दाबतो. याला आळस म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण ते न्याय्य ठरणार नाही.

या प्रश्नामागील मूळ हेतू रास्तच होता. विंडोज एक्सपीच्या काळात घरोघरचा वापरकर्ता बहुधा सर्वाधिकारी म्हणून संगणक चालवी. साहजिकच त्याच्या हातून चुकून उघडलेल्या विषाणूलाही सर्व अधिकार मिळत. २००७ साली आलेल्या व्हिस्टामध्ये मायक्रोसॉफ्टने त्यावर परवानगीच्या चौकटीचा उपाय योजला. परंतु ती इतक्या वेळा पुढे येऊ लागली की लोक वैतागले. २००८ साली कंपनीच्याच एका अधिकाऱ्याने एका परिषदेत सांगितले की, वापरकर्त्यांना त्रास व्हावा म्हणूनच ही योजना होती; त्यांच्या तक्रारींमुळे प्रोग्रॅम लिहिणारे नको तेथे अधिकार मागणे सोडतील, अशी अपेक्षा होती. पुढे २००९ च्या विंडोज ७ मध्ये हे प्रश्न कमी करण्यात आले.

दोष प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचा आणि भुर्दंड वापरणाऱ्याला, असा हा व्यवहार होता. अर्थशास्त्रात अशा लादलेल्या खर्चाला ‘बाह्य परिणाम’ म्हणतात. कॉर्मॅक हर्ली या संशोधकाने २००९ साली असे प्रतिपादन केले की, सुरक्षेच्या सूचना पाळण्यात जाणारा वेळ टळणाऱ्या नुकसानीहून महाग पडत असेल, तर त्या न पाळणारा माणूस अविचारी ठरत नाही. माहिती वाढली की अवधानाचे दुर्भिक्ष होते, हे हर्बर्ट सायमन यांनी १९७१ मध्येच सांगितले होते. लांडगा आला रे आला, अशी रोज हाक ऐकणारा गाव एक दिवस उठेनासा होतो, त्यातलाच हा प्रकार.

महाराष्ट्राला न वाचता दिलेल्या संमतीचा अनुभव जुना आहे. सावकाराच्या कागदावर कुणब्याने उमटविलेल्या अंगठ्याचे परिणाम १८७५ च्या दख्खनच्या दंग्यांत दिसले. त्यानंतर १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या जिल्ह्यांत शेतकऱ्याचा दस्तऐवज ग्रामनिबंधकासमोर लिहिला जावा आणि सही-अंगठ्यापूर्वी तो मोठ्याने वाचून दाखवावा, अशी त्यात तरतूद होती. ऋणकोने अधिक सावध राहावे, एवढाच उपदेश करून तो कायदा थांबला नाही. समजावून सांगण्याची जबाबदारी त्याने व्यवस्थेवर टाकली.

आजच्या चौकटीला हीच कसोटी लावली पाहिजे. प्रश्न क्वचित यावा, मराठीत यावा आणि ‘होय’ म्हटल्याने काय होईल हे त्यात स्पष्ट असावे. तोवर कार्यालयांना व शाळांना काही गोष्टी विनाखर्च करता येतील. रोजच्या कामासाठी मर्यादित अधिकारांचे खाते ठेवावे आणि सर्वाधिकाराचा परवलीचा शब्द एकाच जबाबदार व्यक्तीकडे असावा. आपण काही सुरू केलेले नसताना चौकट आली, तर उत्तर ‘नाही’ हेच. आपण सुरू केलेल्या कामात आली, तरी प्रोग्रॅमचे व प्रकाशकाचे नाव वाचावे. प्रकाशक अज्ञात दिसल्यास थांबून विचारावे. कंटाळून ही चौकट कायमची बंद करणे मात्र दाराला चोर येतात म्हणून दारच काढून टाकण्यासारखे आहे.

२०१७ च्या कर्जमाफीचे अर्ज ऑनलाइन भरावे लागले, तेव्हा शेतकरी अशाच केंद्रांसमोर रांगेत उभे होते. त्यांचे आधार क्रमांक आणि बँकखाती दुसऱ्याच्या संगणकावर भरली गेली. तेथे घाईने दाबलेल्या एका ‘होय’ची किंमत चालकाला क्वचितच मोजावी लागते, ती रांगेतल्या माणसाच्या खात्यातून वसूल होते. म्हणूनच त्या चौकटीपुढचे दोन क्षण हा चालकाच्या मर्जीचा प्रश्न न राहता त्याच्या कर्तव्याचा भाग मानला गेला पाहिजे, आणि त्या दोन क्षणांसाठी रांगेनेही खोळंबायला हवे.