जलसंधारणासाठीचे शेती अनुदान : विंचूर परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

निफाड तालुक्यातील विंचूर हे गाव लासलगाव बाजार समितीचा उपबाजार आणि द्राक्षप्रक्रियेसाठी उभारलेली औद्योगिक वसाहत यांमुळे परिचित आहे. द्राक्ष व कांदा ही येथील प्रमुख पिके असून पर्जन्यछायेच्या या प्रदेशात ती सिंचनावरच उभी राहतात. साहजिकच, पाणी वाचविण्यासाठी शासन देत असलेल्या अनुदानास येथे विशेष महत्त्व आहे. या अनुदानातून नेमके काय वाचते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

अनुदानाचे स्वरूप

२०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री कृषी सिंचन योजनेतील 'प्रति थेंब अधिक पीक' या घटकात ठिबक व तुषार संचांसाठी अल्प व अत्यल्प भूधारकांना मापदंडाने ठरविलेल्या खर्चाच्या ५५ टक्के, तर इतरांना ४५ टक्के अनुदान ठेवण्यात आले. २०२१ मध्ये राज्य शासनाने पूरक अनुदान देऊन हे प्रमाण अनुक्रमे ८० व ७५ टक्क्यांवर नेले. २०१६ च्या 'मागेल त्याला शेततळे' योजनेत कमाल ५०,००० रुपये अनुदान होते. या योजनांत एक बाब समान आहे : संच बसविल्याची किंवा तळे खोदल्याची खात्री झाली की रक्कम मिळते, वाचलेले पाणी मोजले जात नाही.

बचतीचा हिशेब

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. पाटपाण्याने एका एकरास १०० एकक पाणी दिले. त्यांपैकी ६० पिकाने घेतले, १० बाष्परूपाने गेले आणि ३० जमिनीत झिरपून पुन्हा भूजलास मिळाले. ठिबकमुळे उपसा ६५ वर आला : पिकास ६०, बाष्पीभवन ५. शेतकऱ्याच्या दृष्टीने ३५ एककांची बचत झाली. परिसराच्या दृष्टीने मात्र केवळ ५ एककांची, कारण उरलेले ३० एकक पूर्वी शेजाऱ्याच्या विहिरीस मिळतच होते. हे ३५ एकक वापरून आणखी अर्धा एकर बाग लावली, तर परिसरातून कायमचे जाणारे पाणी ७० वरून सुमारे १०० एककांवर जाते.

शेततळ्याचेही तसेच आहे. ३० × ३० × ३ मीटर आकाराच्या उतरत्या बाजूंच्या तळ्यात सुमारे २२ लाख लिटर पाणी मावते. पावसाचे वाहते पाणी अडविणे हा त्याचा मूळ हेतू. परंतु अस्तरीकरण केलेले तळे विहिरीतून उपसा करून भरले, तर भूगर्भात सुरक्षित असलेले पाणी उन्हात येते. वरचा एक मीटर थर उडून गेला असे धरल्यास ८ लाख लिटरांहून अधिक पाणी कोणाच्याही उपयोगी पडत नाही.

निष्कर्ष

अमेरिकेत १९८५ च्या कायद्याने सुरू झालेल्या संधारण योजनेत धूपप्रवण जमीन १० ते १५ वर्षे लागवडीबाहेर ठेवण्यासाठी शेतकऱ्यास वार्षिक मोबदला मिळतो. तेथे पैसा वर्तनासाठी आहे, आपल्याकडे तो साधनासाठी आहे. लहान जमिनीवर जगणाऱ्या आपल्या शेतकऱ्यास जमीन पडीक ठेवण्यास सांगणे उचित नाही. ठिबक व शेततळे यांनी त्याच्या उत्पन्नास स्थैर्य दिले, हेही नाकारता येणार नाही. तथापि उत्पन्नाची सुरक्षितता आणि जलसंधारण ही दोन भिन्न उद्दिष्टे होत. २०१९ मध्ये सुरू झालेल्या अटल भूजल योजनेने गावाच्या पाण्याच्या ताळेबंदाची कल्पना पुढे आणली. असा ताळेबंद अनुदानाची पूर्वअट झाला, तरच 'संधारण' हा शब्द सार्थ ठरेल.