पडद्याबाहेर उघडलेली खिडकी परत आणण्याचे उपाय

चेन्नईच्या दक्षिणेस राजीव गांधी सालई या मार्गावर सिरुसेरी येथे सिपकॉट या तामिळनाडू शासनाच्या महामंडळाचे माहिती तंत्रज्ञान उद्यान आहे. दिवसा कार्यालयात लॅपटॉपला दुसरा पडदा जोडून काम करायचे आणि सायंकाळी तोच लॅपटॉप घरी न्यायचा, ही अशा उद्यानांतील अनेकांची दिनचर्या असते. घरी मात्र कधीकधी एक विचित्र अडचण उद्भवते. प्रोग्राम सुरू होतो, टास्कबारवर त्याचे चिन्हही उमटते. पण त्याची खिडकी पडद्यावर दिसत नाही.

याचे कारण मोजमापात दडले आहे. विंडोज प्रणालीत मुख्य पडद्याचा वरचा डावा कोपरा हे शून्यस्थान मानले जाते. त्याच्या डावीकडे १९२० बिंदू रुंदीचा दुसरा पडदा असल्यास तेथील आडवे अंक उणे १९२० ते उणे १ असे असतात. अनेक प्रोग्राम बंद होताना आपली जागा नोंदवून ठेवतात आणि पुढच्या वेळी तेथेच उघडतात. तो पडदा अद्याप जोडलेला आहे का, याची खातरजमा प्रोग्रामने केली नाही, तर खिडकी दृष्टीआड उघडते.

अशा वेळी घाईने टास्क मॅनेजरमधून प्रोग्राम बंद करू नये. न साठवलेले काम त्यामुळे कायमचे नष्ट होऊ शकते.

प्रथम ऑल्ट व टॅब या कळांनी तो प्रोग्राम निवडावा. ऑल्ट व स्पेसबार एकत्र दाबून नंतर एम ही कळ दाबावी. कळफलक मराठीत असल्यास तो आधी इंग्रजीत आणावा. त्यानंतर कोणतीही बाणाची कळ एकदा दाबून माउस हलवल्यास खिडकी त्याच्यामागोमाग येते. योग्य जागी क्लिक करावे. मेनूमधील ‘मूव्ह’ हा पर्याय अंधुक दिसत असल्यास आधी ‘रिस्टोअर’ निवडावा.

२००९ साली आलेल्या विंडोज ७ पासून याहून सोपा मार्गही उपलब्ध आहे. विंडोज कळ दाबून ठेवून डावा किंवा उजवा बाण काही वेळा दाबल्यास खिडकी पडद्याच्या कडेला येऊन बसते. पडदा काढूनही संगणक तो जोडलेलाच मानत असेल, तर विंडोज व पी या कळा दाबून केवळ संगणकाचा पडदा वापरण्याचा पर्याय निवडावा.

पडद्याची तार काढण्यापूर्वी सर्व खिडक्या मुख्य पडद्यावर आणून ठेवल्यास ही अडचण सहसा येत नाही.